ब्रेसेस लावल्यावर दिसलेला जादा दात: आधीच्या एक्स-रेमध्ये तो का नव्हता, आणि आता काय करायचं

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी 14 वर्षांची आहे. साडेबाराव्या वर्षी तिचा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढला, तेव्हा सगळे दात जागच्या जागी होते, जादा काही नव्हतं. चार उपदाढा, म्हणजे सुळे आणि दाढा यांच्या मधले छोटे दात, काढून ब्रेसेस लावल्या. वर्षभर सगळं नीट चाललं, पण नंतर खालच्या उजव्या बाजूची फट बंद होईना. डॉक्टरांनी पुन्हा ओपीजी काढला, तर खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना, उरलेल्या उपदाढांच्या मुळांजवळ, एकेक जादा दात तयार होताना दिसला. डॉक्टर म्हणतात ते काढावे लागतील आणि उपचार लांबेल. तुम्ही विचारता की आधी दिसलं कसं नाही, हा हलगर्जीपणा आहे का, दात काढलेच पाहिजेत का, आणि हे पुन्हा होईल का. शेवटी सहज लिहिलंय की ती दुसरीत असताना वरच्या पटाशीच्या दोन दातांमधला एक बारीक टोकदार दात काढला होता. माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या मजकुरातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच आहे. त्याकडे पुढे येते.

आधी दिसलं नाही, कारण बहुधा तेव्हा दिसण्यासारखं काही नव्हतंच. जादा दात सगळे एकाच वेळी तयार होत नाहीत. वरच्या पटाशीच्या दातांमधला टोकदार दात साधारण आजूबाजूच्या कायमच्या दातांच्या सोबतीने तयार होतो, म्हणून तो सहा-सात-आठ वर्षांच्या मुलांच्या एक्स-रेत सापडतो. खालच्या उपदाढांजवळच्या जादा दातांची गोष्ट वेगळी. नेहमीच्या उपदाढांचं शिखर, म्हणजे मुळाच्या वरचा भाग, मूल दोन-अडीच वर्षांचं असतानाच कडक व्हायला लागतं, पण त्याच भागातले जादा दात त्यांच्या 7 ते 11 वर्षं मागून तयार होतात. म्हणजे पुष्कळदा बारा-तेराव्या वर्षी कुठे त्यांचा पहिला मागमूस एक्स-रेत लागतो. नेमक्या याच वयात आपण ब्रेसेस सुरू करतो. एक्स-रे म्हणजे त्या दिवसाची हजेरी असते, उद्या कोण येणार हे त्यात नसतं.

हे का होतं? गर्भात असताना हिरडीखाली पेशींची एक पट्टी तयार होते आणि तिच्यातून दातांचे अंकुर फुटतात. काम झालं की ती विरून जाते, पण तिचे काही अवशेष जबड्यात राहतात. ते वर्षांनंतर पुन्हा जागे झाले तर नवा अंकुर फुटतो, असा आजचा सर्वमान्य समज आहे. काही अभ्यासक याला दुधाचे आणि कायमचे यांच्यानंतरच्या तिसऱ्या पिढीचा अर्धवट प्रयत्न मानतात. हा विचार हल्ली पुन्हा चर्चेत आलाय तो जपानमुळे. यूसॅग-1 नावाचं एक प्रथिन दाताच्या वाढीला लगाम घालतं आणि ते नसलेल्या उंदरांना जादा दात येतात. याच प्रथिनाला अडवणाऱ्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी 2024 मध्ये क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू झाली. तिचा उद्देश दात नसलेल्यांना दात उगवून देण्याचा आहे. तुमच्या मुलीच्या उपचारांशी तिचा आज काही संबंध नाही, पण "असं कसं होऊ शकतं" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिशेला आहे. तिने काही खाल्लं म्हणून, कॅल्शियम जास्त दिलं म्हणून किंवा ब्रेसेसच्या ताणामुळे हे दात उगवलेले नाहीत. चार दात काढले त्याची भरपाई म्हणून शरीराने नवे आणले, असंही नाही. ही समजूत मी पालकांकडून वारंवार ऐकते.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. कायमच्या दातांत जादा दात असणारी मुलं शंभरात साधारण 1 ते 3 असतात, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जवळपास दुपटीने. बहुतेकांचा तो वरच्या पुढच्या भागातच असतो. उपदाढांच्या भागातला जादा दात याहून बराच दुर्मीळ, हजारात फार तर पाच-सहा. मात्र ज्या मुलाला लहानपणी पुढे जादा दात होता, त्याला पुढे उपदाढांच्या भागात तो येण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून लहानपणी असा दात काढला असेल तर ते ब्रेसेस सुरू करण्यापूर्वीच सांगायला हवं, आणि डॉक्टरांनीही आवर्जून विचारायला हवं. बऱ्याच घरांत हे विसरलं जातं. दात वेगळ्या गावात, वेगळ्या डॉक्टरांकडे काढलेला असतो. "दातावर दात म्हणजे भाग्याचं लक्षण" म्हणून आजीने कौतुक केलेलं असतं, आणि मग तो विषय मागे पडतो.

हलगर्जीपणा झाला का, याचं उत्तर जुना ओपीजी समोर ठेवल्याशिवाय कोणी देऊ नये. तो पुन्हा बघताना काय शोधायचं ते सांगते. दाताचा अंकुर सुरुवातीला एक्स-रेत पांढरा दिसत नाही. तो मऊ पिशवीत असतो, त्यामुळे मुळांच्या टोकाजवळ मसुराच्या दाण्याएवढा काळसर गोल दिसतो आणि त्याच्याभोवती केसाएवढी बारीक पांढरी कड असते. काही महिन्यांनी त्या काळ्या गोलात एक-दोन पांढरे ठिपके उमटतात, ती दाताच्या शिखराची टोकं. ठिपके जोडले जाऊन टोपी झाली की मग कोणालाही ओळखता येतं. अडचण अशी की खालच्या उपदाढांच्या मुळांजवळ एक काळसर गोल प्रत्येकालाच असतो. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना देणारी नस जबड्यातून जिथे बाहेर पडते, तेच हे छिद्र. त्याला अशी पूर्ण, रेखीव कड सहसा नसते आणि ते खालून येणाऱ्या नसेच्या कालव्याशी जोडलेलं दिसतं. फरक इतकाच. शिवाय ओपीजी जबड्याच्या एका ठरावीक पट्ट्यापुरताच स्पष्ट असतो आणि हे जादा दात बहुतेक वेळा जिभेच्या बाजूला असतात, म्हणजे त्या पट्ट्याच्या काठावर किंवा बाहेर. आज उत्तर माहीत असताना जुन्या फिल्मवर बोट ठेवणं सोपं आहे. त्या वेळी तो काळा गोल बघून "हे छिद्रच आहे" असं मानणाऱ्याला मी निष्काळजी म्हणणार नाही.

उलट तुमच्या डॉक्टरांचं एक काम मला मनापासून आवडलं. फट बंद होईना तेव्हा त्यांनी जोर वाढवला नाही, पुन्हा एक्स-रे काढला. उपदाढा काढलेल्या केसमध्ये शेवटची एक-दोन मिलिमीटर फट हट्टीपणा करते, हे आम्ही रोज बघतो. त्याची कारणंही बहुतेक वेळा साधी असतात: ब्रॅकेट सुटलेला, तार घासतेय, चावताना वरचा दात खालच्याला अडवतोय, आकसलेली हिरडी मध्ये साठली आहे. म्हणून हात आपोआप नव्या, जास्त ताणाच्या इलॅस्टिक चेनकडे जातो. पण दोन मुळांच्या मध्ये एक कडक दात बसलेला असेल तर ताण वाढवून काय होणार? दातांचे वरचे भाग जवळ येतात, मुळं मात्र तिथेच थांबतात. दात वाकतात, फट वरून बंद दिसते आणि खाली मुळं फाकलेली राहतात. अशी बंद केलेली फट ब्रेसेस काढल्यावर पुन्हा उघडते. त्याहून वाईट म्हणजे मूळ त्या जादा दातावर दाबलं जाऊन झिजू लागतं, आणि झिजलेलं मूळ परत वाढत नाही.

सगळेच जादा दात असा त्रास देत नाहीत, हेही तितकंच खरं आहे. उपदाढांच्या भागातले बहुसंख्य जादा दात हाडातच राहतात, दुखत नाहीत आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत अचानक सापडतात. काही थोड्यांभोवती गाठ, म्हणजे सिस्ट, तयार होते. काही शेजारच्या मुळाला इजा करतात. काही जिभेच्या बाजूने वर येतात, आणि मग विशीतला मुलगा येऊन सांगतो, "डॉक्टर, जिभेला आतून काहीतरी टोचतंय." बघावं तर उपदाढेच्या मागे जिभेकडच्या हिरडीतून एक छोटं दातासारखं टोक बाहेर आलेलं असतं. त्याच्या ब्रेसेस निघून चार-पाच वर्षं झालेली असतात.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला, काढलेच पाहिजेत का, माझं उत्तर असं: जादा दात आहे एवढ्यावरून तो काढायचा की नाही हे ठरत नाही. तो कोणत्या मुळाच्या वाटेत आहे, यावरून ठरतं. उजवीकडचा आणि डावीकडचा या दोन वेगळ्या केसेस समजा. उजवीकडे फट अडली आहे, म्हणजे तिथे मूळ आणि जादा दात एकमेकांना भिडलेले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसं असेल तर तो काढावाच लागेल. डावीकडची फट बंद झाली असेल, मुळं समांतर असतील आणि जादा दात त्यांच्या खाली, खोलवर, जिभेच्या बाजूला असेल, तर तो आज काढायलाच हवा असं मला वाटत नाही. त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. "दोन्हीकडे आहेत, एकदाच भूल देऊन दोन्ही काढून टाकू" हा विचार सोयीचा आहे आणि काही वेळा योग्यही असतो, पण त्याला कारण विचारा.

हे ठरवायला ओपीजी पुरत नाही. त्या भागापुरता सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे, काढायला सांगा. पूर्ण चेहऱ्याचा नको, छोट्या भागाचा. एका ओपीजीतून मिळणारं किरणोत्सर्जन म्हणजे निसर्गातून आपल्याला दोन-चार दिवसांत जेवढं मिळतं साधारण तेवढं. छोटा सीबीसीटी त्याच्या काही पट असतो. प्रत्येक मुलाचा उगाच काढण्याची गोष्ट ती नाही, पण इथे त्यातून थेट निर्णय होणार आहे. त्यात तीन गोष्टी बघायच्या: दात जिभेकडे आहे की गालाकडे, शेजारच्या मुळाला टेकलाय की मध्ये हाड आहे, आणि ओठाच्या नसेपासून किती लांब आहे. सीबीसीटीची सोय नसलेल्या गावात दोन वेगळ्या कोनांतून छोटे एक्स-रे घेऊनही बाजू कळते. नळी ज्या दिशेला सरकवली त्याच दिशेला दात सरकलेला दिसला तर तो जिभेकडे, उलट दिशेला सरकला तर गालाकडे. जुनी पद्धत आहे, आजही चालते.

कधी काढायचा यात सर्जनमध्ये मतभेद आहेत, माझं मत सांगते. अगदी अंकुर असताना घाई करू नये. तेव्हा तो मऊ पिशवीत असतो, उपकरणाखाली गरगर फिरतो, हाती लागत नाही, आणि त्याला शोधण्यात भोवतीचं हाड जास्त काढावं लागतं. शेजारच्या उपदाढेचं मूळ अजून पूर्ण झालेलं नसेल तर त्याच्या कोवळ्या टोकाला धक्का लागण्याची भीती वेगळीच. फार उशीरही नको. जादा दाताचं स्वतःचं मूळ पूर्ण वाढलं की तो शेजाऱ्यांच्या मुळांमध्ये घट्ट अडकतो. शिखर पूर्ण झालंय, मूळ एक-तृतीयांश ते अर्धं झालंय आणि दात थोडा वर सरकलाय, ही मधली वेळ मला सोयीची वाटते. तुमच्या मुलीच्या वयात उपदाढांची मुळं पूर्ण होत आलेली असतात, त्यामुळे ती बाजू ठीक आहे. तिचा जादा दात अजून नुसती टोपीच असेल, तर काही महिने थांबू का, हा प्रश्न सर्जनना नक्की विचारा.

शस्त्रक्रियेबद्दल घाबरू नका, पण एक गोष्ट आधीच समजून घ्या. तिथून ओठाची नस जाते, म्हणून नंतर खालचा ओठ आणि हनुवटी काही काळ बधिर राहू शकते. बहुतेकांची संवेदना परत येते, क्वचित पूर्ण येत नाही. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी हे तुम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे, आणि फक्त आईवडिलांना नाही, मुलीलाही. चौदा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं. दात जिभेकडे असला की सर्जन बहुधा आतल्या बाजूने हिरडी उघडतात. काम बहुतेक वेळा स्थानिक भुलीवर होतं. हे काम ओरल सर्जनकडूनच करून घ्या आणि सीबीसीटीची मूळ फाइल त्यांच्याकडे पोचवा. खिडकीसमोर धरून मोबाईलने काढलेला आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फिल्मचा फोटो यासाठी चालत नाही.

उपचार किती लांबेल, ही तुमची खरी काळजी दिसते. सगळं थांबवावं लागत नाही. खालच्या उजव्या भागावरचा ताण काढायचा आणि तिथले दात बारीक तारेने एकमेकांना बांधून जागच्या जागी धरून ठेवायचे, म्हणजे मिळवलेली जागा सरकत नाही. त्या काळात वरच्या जबड्याचं काम चालू ठेवता येतं. जादा दात निघाल्यावर जखम भरायला साधारण दीड-दोन महिने देऊन मी त्या भागात पुन्हा हलका जोर देते. बहुतेकदा अडलेली फट मग आश्चर्य वाटावं इतक्या सहज मिटते, कारण अडथळा तेवढाच होता. वेळ लागतो तो मुळं समांतर करायला, तिथे घाई करता येत नाही. शेजारच्या मुळाचं टोक झिजलेलं सीबीसीटीत दिसलं, तर तो दात जास्त हलवायचा का, हा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो. अशा वेळी शेवटची अर्धा मिलिमीटर फट तशीच ठेवून, किंवा नंतर दाताच्या रंगाच्या फिलिंगने झाकून, उपचार संपवणं हा समजूतदार निर्णय असतो. त्याला तडजोड म्हणून नाक मुरडू नका.

तुम्ही न विचारलेला पण तुमच्या मनात असणारच असा एक प्रश्न. उपदाढा काढल्या आणि तिथेच नवे दात उगवतायत, मग तेच वापरता आले असते ना? खालच्या उपदाढांच्या जागचे जादा दात दिसायला पुष्कळदा खऱ्या उपदाढेसारखेच असतात, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. पण ते लहान असू शकतात, आडवे-तिरपे असतात, जिभेच्या बाजूला असतात, आणि त्यांचं मूळ पूर्ण व्हायला आणखी काही वर्षं लागतात. एवढी वर्षं ब्रेसेस ठेवून त्यांची वाट बघायची नसते. शेजारचा नेहमीचा दात किडून किंवा मूळ झिजून जाणारच असेल आणि जादा दात चांगल्या घडणीचा असेल, तर त्याला वाचवण्याचा विचार होतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत तसं काही दिसत नाही.

अलायनर, म्हणजे ब्रेसेसऐवजी दातांवर बसवायचे पारदर्शक साचे, वापरणारे कोणी हे वाचत असाल तर तुमच्यासाठी एक गोष्ट. अलायनरचा आराखडा तोंडाच्या स्कॅनवर बनतो आणि स्कॅनला फक्त दातांचा वरचा भाग दिसतो. संगणकावर दात कितीही सुंदर सरकताना दिसले तरी हाडाच्या आत काय आहे ते त्याला माहीत नसतं. एखादा दात पुन्हा पुन्हा आराखड्याच्या मागे पडत असेल तर नवे अलायनर छापण्याआधी एक्स-रे मागा. दुसऱ्या उपदाढेच्या आणि पहिल्या दाढेच्या मध्ये, दात ओढायला आधार म्हणून, हाडात छोटा स्क्रू लावण्यापूर्वीही हेच. आणि बदलीमुळे अर्ध्या उपचारात शहर बदलावं लागलं, पुण्याहून बंगळुरूला किंवा दुबईला, तर नव्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच्या ओपीजीवर काम पुढे नेऊ नये. वाढत्या वयाच्या मुलांत उपचाराच्या मध्यावर एक ओपीजी मी मुळांची झीज आणि दिशा बघायला काढतेच, आणि उपदाढांच्या टोकांवरून तेव्हा मुद्दाम सावकाश नजर फिरवते.

दोन जादा दात म्हणजे मोठा आजार, असं समजू नका. उपदाढांच्या भागात ते दोन्ही बाजूंना येणं पुष्कळदा दिसतं, आणि अशी बहुतेक मुलं बाकी ठणठणीत असतात. पण दोन चित्रं आम्ही डोळ्यांआड होऊ देत नाही. मूल बारा-तेरा वर्षांचं झालं तरी दुधाचे दात पडत नाहीत, हाडात पाच-सात जादा दात आहेत, बाळपणी डोक्यावरची टाळू उशिरा भरली होती आणि गळ्याखालची हासळीची हाडं अपुरी आहेत किंवा नाहीतच, तर तो रन्क्स-2 जनुकातल्या बदलाचा क्लायडोक्रेनियल डिसप्लेशिया असू शकतो. अशा मुलाचा उपचार काही वर्षं चालतो आणि त्याची आखणी अगदी वेगळी असते. दुसरं चित्र जादा दातांबरोबर जबड्याच्या हाडावर टणक गाठी असण्याचं, विशेषतः घरात कोणाला तरुणपणी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल तर. तो गार्डनर सिंड्रोम असू शकतो. त्यात आतड्यात असंख्य पॉलिप, म्हणजे आतल्या आवरणावर वाढणारे छोटे कोंब, होतात आणि दातांच्या डॉक्टरांना त्याची खूण आतड्याच्या डॉक्टरांच्या आधी दिसू शकते. तुम्ही लिहिलेल्यातलं काहीही या दोन्हींशी जुळत नाही, तरी मुलीच्या डॉक्टरांना घरातल्या आजारांची माहिती एकदा सांगून ठेवा.

पुन्हा होईल का? होऊ शकतं. ज्यांना एकदा या भागात जादा दात आले त्यांना त्याच भागात नंतर आणखी एखादा आल्याची उदाहरणं आहेत. म्हणून ब्रेसेस काढताना एक ओपीजी, मग साधारण वर्षभराने एक, आणि त्यानंतर अक्कलदाढांसाठी सतरा-अठराव्या वर्षी काढतातच तेव्हा तोच बघायचा. डावीकडचा दात तसाच ठेवायचं ठरलं तर त्याच्या भागाचा छोटा एक्स-रे पहिली काही वर्षं वर्षाला एकदा, नंतर अंतर वाढवत. खालच्या दातांना आतून चिकटवलेला रिटेनर, म्हणजे ब्रेसेसनंतर दात जागी धरणारी तार, असेल आणि तिला जिभेच्या बाजूला नवं काही टोचायला लागलं, तर वेळ घेऊन दाखवून या. आणि तिच्या धाकट्या भावाच्या ब्रेसेस सुरू होतील तेव्हा पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा की बहिणीला दोनदा जादा दात आले होते. भावंडांत हे वारंवार सापडतं, आणि मुलग्यांत जास्त.